झुरळाला रक्त असतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नवी मुंबईतल्या ऐरोलीत राहते आणि अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या टाकीत लाल अळ्या निघाल्या आणि तेव्हापासून मी इमारतीतली ‘किड्यांची बाई’ झाले. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर कुणीतरी काहीतरी विचारतंच. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते. अळ्यांनी हे सगळं सुरू केलं, तेव्हा पहिला मान त्यांचा.

टाकीच्या पाण्यात लाल अळ्या दिसल्या. रक्त पिणारे किडे आहेत का?

नाही. त्या सकाळी सेक्रेटरी काकांनी टाकीच्या तळचं पाणी स्टीलच्या वाटीत आणून माझ्यापुढे धरलं. मोबाइलचा टॉर्च मारला तर बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या, कुंकवाच्या रंगाच्या पाच-सहा अळ्या वेटोळं घालत आणि सोडत पोहत होत्या. मागून काकू म्हणाल्या, “अगं बाई, कुणाचं रक्त प्यायल्यात गं ह्या?”

कुणाचंच नाही. लाल रंग त्यांचा स्वतःचा. कायरोनोमस नावाच्या एका बारीक माशीच्या या अळ्या. माशी दिसते हुबेहूब डासासारखी, पण चावत नाही. संध्याकाळी दिव्याखाली जे थवे नाचतात, त्यांत ती बरीच असते. मादी पाण्यात जेलीसारख्या पुंजक्यात अंडी घालते आणि अळी तळच्या गाळात घर करते. गाळात प्राणवायू कमी. तिथे श्वास पुरवायचा तर तो धरून ठेवणारं काहीतरी अंगात हवं, आणि या अळीकडे ते आहे: हिमोग्लोबिन. आपल्याकडे असतं तसंच लोहाचं, फक्त आपल्यासारखं पेशींत भरलेलं नाही, तर अंगातल्या द्रवात सरळ विरघळलेलं. कीटकांमध्ये ही चैन फार थोड्यांना लाभलेली आहे. म्हणूनच ही अळी लाल आणि बाकीचे किडे नाहीत.

उपाय विचाराल तर टाकी रिकामी करून तळचा गाळ खरवडून काढा, झाकणाची फट बुजवा, हवेच्या आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी बांधा. नुसतं क्लोरीन ओतून मोकळं होऊ नका, या अळ्या त्याला सहजी दाद देत नाहीत. आणि जिथून ही निरुपद्रवी माशी आत शिरली, तिथून डेंग्यूचा एडिस डासही शिरू शकतो. खरी काळजी त्याची करा.

मग मत्स्यालयाच्या दुकानात माशांना खायला ‘ब्लडवर्म’ मिळतात, ते हेच का?

हेच. नाल्याच्या गाळात लाल केसांसारखं काहीतरी झुलताना दिसतं ते मात्र वेगळं. ते ट्युबिफेक्स, म्हणजे गांडुळाचे भाऊबंद. डोकं गाळात आणि शेपूट वर पाण्यात हलवत प्राणवायू ओढून घेतात. लाल रंगाचं कारण तेच, हिमोग्लोबिन.

डास चिरडला की हाताला लागतं ते रक्त कुणाचं?

तुमचं. नाहीतर शेजाऱ्यांचं. डासाचा स्वतःचा द्रव रंगहीन किंवा किंचित पिवळट असतो आणि इतका थोडा की डोळ्यांना दिसत नाही. पोटात लाल डाग असलेला डास हमखास मादी, कारण नर फुलांच्या रसावर जगतो.

पण डासाच्या त्या न दिसणाऱ्या द्रवाला कमी लेखू नका. मलेरियाचा परजीवी रक्ताबरोबर मादीच्या पोटात जातो आणि पोटाच्या भिंतीवर फुगवटे तयार करतो. हे फुगवटे रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादला सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. फुगवटा फुटला की हजारो सूक्ष्म जंतू डासाच्या अंगातल्या द्रवात सुटतात आणि त्याच प्रवाहात वाहत लाळग्रंथींपर्यंत पोचतात. पुढचा डंख तुम्हाला बसला की ते तुमच्यात. म्हणजे डासाचं रक्ताभिसरण नसतं तर मलेरिया लाळेपर्यंत पोचलाच नसता.

झुरळाला रक्त असतं का? चपलेखाली पांढरं काहीतरी निघतं.

पांढरं निघतं ते बहुतेक चरबी. झुरळाच्या अंगात चरबीचा भरपूर साठा असतो. त्या चरबीभोवती जो पाण्यासारखा द्रव खेळतो, तो त्याचं रक्त. शास्त्रात त्याला हिमोलिंफ म्हणतात. आपल्या शरीरात रक्त वेगळं आणि पेशींभोवतीचा द्रव वेगळा. झुरळात दोन्ही एकच, म्हणून नावही जोडाचं.

हृदय आहे, आणि तेही तेरा कप्प्यांचं. पोटाच्या बाजूला शोधाल तर सापडणार नाही. ते पाठीच्या बाजूने, पंखांखाली, लांब नळीसारखं गेलेलं असतं. प्रत्येक कप्प्याच्या कडेला छोट्या फटी असतात. नळी सैलावली की द्रव फटींतून आत येतो, आवळली की पुढे डोक्याकडे ढकलला जातो. डोक्यापाशी नळी संपते आणि द्रव सरळ अंगाच्या पोकळीत सांडतो. तिथून आतडं, स्नायू, चरबी अशा सगळ्यांना भिजवत, हळूहळू मागे सरकत पुन्हा फटींपाशी.

आता मेख अशी की हा द्रव प्राणवायू वाहून नेतच नाही. बारावीची मुलंसुद्धा इथे अडखळतात, कारण रक्त म्हणजे प्राणवायूची मालगाडी हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. झुरळाच्या अंगावर बाजूने श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात. तिथून बारीक नळ्यांचं जाळं आत जातं आणि हवा थेट पेशींच्या दारात नेऊन सोडतं. मग लाल रंगद्रव्य हवं कशाला? रक्ताकडे अन्न, संप्रेरकं, टाकाऊ पदार्थ आणि जखम भरण्याचं काम उरतं. साखरसुद्धा वेगळी वापरतात. आपल्या रक्तात ग्लुकोज, कीटकांच्या द्रवात मुख्यतः ट्रेहॅलोज.

डोकं तुटलेलं झुरळ जिवंत राहतं म्हणतात, ते खरं?

खरं आहे. आठवडाभर, कधी त्याहून जास्त. आपलं डोकं गेलं तर रक्त दाबाने बाहेर उसळतं. झुरळात तेवढा दाबच नाही, मानेपाशी गुठळी होऊन भोक बंद होतं. श्वास अंगावरच्या रंध्रांतून चालू असतो आणि पाय हलवायला प्रत्येक खंडात मज्जातंतूंच्या गाठी असतात. शेवटी ते मरतं तहानेने. ओट्यावर हा प्रयोग करू नका, माझ्या एका विद्यार्थ्याने केला आणि त्याच्या आईचा फोन मला आला.

खुली आणि बंद रक्ताभिसरण संस्था म्हणजे नेमकं काय?

पुस्तकात आकृती आहे, पण मी मुलांना खाडीकडे नेते. मोरबे धरणाचं पाणी पाइपातून तुमच्या नळापर्यंत येतं, मध्ये कुठे जमिनीवर सांडत नाही. ही बंद व्यवस्था: आपली, गांडुळाची, माकुलाची (म्हणजे स्क्विडची). खाडीचं पाणी भरतीला खाजणात शिरतं, तिवरांच्या मुळांमधून, खेकड्यांच्या बिळांतून पसरतं आणि ओहोटीला परत फिरतं. ही खुली व्यवस्था: कीटक, कोळी, खेकडे, गोगलगायी, शिंपल्या.

खुली म्हणजे मागासलेली, असं बऱ्याच गाइडांत लिहिलेलं असतं आणि मला ते पटत नाही. दाब कमी, म्हणजे पंप चालवायला ऊर्जा कमी लागते. द्रव जास्त लागतो हे खरं. आपल्या वजनाचा सात-आठ टक्के भाग रक्ताचा, तर खेकड्यासारख्या प्राण्यांत हे प्रमाण वीस-तीस टक्क्यांच्या घरात जातं. शिवाय ‘खुली’ म्हणजे अगदी बेशिस्तही नाही. खेकड्याच्या हृदयातून व्यवस्थित धमन्या निघतात आणि फाटे फुटत फुटत बारीक होतात. परतीच्या वाटेवरच्या शिरा तेवढ्या नाहीत.

चिंबोरी, म्हणजे खेकडा, साफ करताना रक्त का दिसत नाही?

दिसतं, आपण ओळखत नाही. दिवाळे गावच्या बाजारात मी एका मावशींना हेच विचारलं होतं. त्यांनी कोयता न थांबवता उत्तर दिलं, “चिंबोरीला रगत नसतं गो बाय, पानी असतं.”

ते ‘पानी’ घरी एकदा पांढऱ्या बशीत धरून बघा. सांधा कापल्या कापल्या ते जवळजवळ स्वच्छ असतं. थोडा वेळ हवेत राहिलं की त्यावर फिकट निळसर झाक चढते, मग ते जेलीसारखं थिजतं आणि पुढे काळपटतं. निळं होतं ते हिमोसायनिनमुळे. आपल्या हिमोग्लोबिनात लोह, यात तांबं. प्राणवायूचा एक रेणू धरायला तांब्याचे दोन अणू लागतात. प्राणवायू सुटला की रंगही जातो. हिमोसायनिन पेशींत नसतं, द्रवातच विरघळलेलं असतं.

रस्सा उकळला की वर पांढरट-करड्या गुठळ्या येतात, त्यांत हे रक्तही असतं. आणि शिजल्यावर चिंबोरी लाल होते त्याचा रक्ताशी काही संबंध नाही. तो कवचातला रंग, उष्णतेने प्रथिनापासून सुटा होऊन दिसू लागतो.

जिवंत चिंबोरीचा पाय ओढला आणि तो तुमच्या हातात राहिला तर तो तुम्ही तोडलेला नाही, तिने सोडलेला आहे. पायाच्या मुळाशी तुटण्याची जागा आधीच ठरलेली असते आणि आत एक पडदा असतो. पाय गेला की जखमेचं तोंड लगेच बंद होतं, रक्त फारसं जात नाही. पुढे कात टाकताना नवा पाय येतो.

कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा म्हणजे तिची शीर ना?

नाही हो. ते आतडं. काळं असतं ते तिने खाल्लेलं. कोळंबीचं हृदय डोक्याच्या कवचाखाली, मागच्या बाजूला असतं आणि तुम्ही ते डोक्याबरोबर फेकून देता.

तिसऱ्यांना, म्हणजे शिंपल्यांना, हृदय असतं का?

असतं, आणि बऱ्याच शिंपल्यांमध्ये आतडं चक्क हृदयाच्या कप्प्यातून आरपार जातं. का, ते शिंपल्यालाच विचारा. रक्तात बहुतेकींच्या रंगद्रव्यच नसतं, एका जागी पडून राहणाऱ्या प्राण्याला ते परवडतं. अपवाद ‘रक्तशिंपल्या’, त्या उघडल्या की खरोखर लाल द्रव निघतो.

माकुलाला तीन हृदयं असतात, हे व्हॉट्सॲपवर आलं होतं. खरं की खोटं?

या वेळी व्हॉट्सॲप बरोबर आहे. दोन हृदयं कल्ल्यांना रक्त पुरवतात, तिसरं बाकीच्या शरीराला. अष्टपादाचंही तसंच. रक्त निळं, तेच हिमोसायनिन, पण व्यवस्था बंद नळ्यांची, कारण शिकार करत झपाट्याने पोहायचं तर संथ भरती-ओहोटी पुरत नाही. तरीही अष्टपाद पोहू लागला की त्याचं तिसरं हृदय थांबतं. म्हणून तो लवकर दमतो आणि शक्यतो सरपटणंच पसंत करतो. माकूल साफ करताना निघते ती काळी शाई, रक्त नव्हे.

गांडुळाचं रक्त आपल्यासारखं लाल कसं?

लाल आहे, पण आपल्यासारखं नाही. आपण हिमोग्लोबिन तांबड्या पेशींच्या डब्यांत भरून ठेवतो. तसं केलं नाही तर ते मूत्रपिंडांतून गळून जाईल. गांडूळ डबे वापरत नाही. त्याने हिमोग्लोबिनचा रेणूच आपल्यापेक्षा पन्नासेक पट मोठा केला आहे, म्हणजे गळायचा प्रश्नच मिटला. पाठीवरची रक्तवाहिनी ओल्या कातडीतून स्पष्ट दिसते आणि तिच्यातून रक्त मागून पुढे सरकताना दिसतं. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या फेरेटिमाला हृदयांच्या चार जोड्या, परदेशी लुंब्रिकसला पाच. परीक्षेत दोन्हींची गल्लत करून गुण घालवू नका.

मृगाचा किडा इतका लाल, त्याचं रक्त लाल असेल?

नाही. तो मखमली रंग अंगातल्या रंगद्रव्यांचा. येऊरला पहिल्या सरींनंतर दिसला तर मुलांना तळहातावर घेऊन बघू द्या आणि तिथेच सोडा.

फ्लेमिंगो खाडीतलं लाल काहीतरी खाऊन गुलाबी होतात ना?

अर्धं बरोबर. गुलाबी रंग शेवाळातल्या आणि बारीक कवचधारी जीवांमधल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा, कुणाच्या रक्ताचा नाही.

पण खाडीच्या चिखलात लाल रक्ताचे जीव आहेत खरे. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून २०१५ साली गौरव झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. लोक ऐरोलीहून बोटीने जातात आणि नजर सगळी पक्ष्यांवर. चिखलाकडे कुणी बघत नाही. तो काळा आणि कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा, कारण वरच्या पातळ थराखाली प्राणवायू जवळजवळ नसतो. अशा ठिकाणी बिळं करून राहणाऱ्या समुद्री कृमींपैकी अनेकांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. ओहोटीला बीळ उघडं पडलं की साठवलेल्या प्राणवायूवर भागवायचं. आमच्या टाकीतली अळी आणि खाडीतला कृमी यांचं नातं दूरचं, अडचण मात्र एकच. त्यांचे काही चुलते तर हिरव्या रक्ताचे आहेत. पिसांच्या पंख्यासारखे दिसणारे ते नळीतले कृमी क्लोरोक्रुओरिन नावाचं रंगद्रव्य वापरतात. त्यातही लोहच, पण पातळ द्रावण हिरवं दिसतं.

कढीपत्त्यावरच्या कोशातून फुलपाखरू निघालं आणि खाली लालसर थेंब पडले. जखम झाली का?

हा प्रश्न दरवर्षी येतो, कारण कढीपत्त्याची कुंडी प्रत्येक बाल्कनीत आणि त्यावर मॉर्मन फुलपाखराच्या अळ्या. जखम नाही. कोशात असताना साठलेली घाण ते बाहेर टाकतं, ती लालसर-तपकिरी असू शकते.

रक्ताचं खरं काम तुम्ही त्याच वेळी बघत असता. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले असतात. ते पोट आवळून हिमोलिंफ पंखांच्या शिरांत भरतं आणि पंख उलगडत, ताठ होत जातात. त्या वेळात त्याला हात लावला किंवा ‘मदत’ केली तर पंख वाकडे वाळतात आणि ते कधीच उडत नाही. ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात नशीब असेल तर हे झाडावरच बघायला मिळतं.

मेलेला कोळी पाय पोटाशी का घेतो?

जाळ्यातला कोळी म्हणताय ना? ठाण्यात हे आधी विचारून घ्यावं लागतं, जाळं दोघांकडेही असतं.

कोळ्याच्या पायाच्या मुख्य सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीत. पाय लांब करायला तो अंगातला द्रव दाबाने पायात ढकलतो, जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने उचलतो तसा. कोळी मेला की दाब गेला, उरले फक्त वाकवणारे स्नायू. पाय आखडतात. भिंतीवरचा उड्या मारणारा छोटा कोळी उडी घेतो तीही मागच्या पायांत एकदम दाब वाढवून.

रात्री मानेवर एक बारीक किडा चिरडला, सकाळी भाजल्यासारखे फोड. ॲसिड होतं का?

ॲसिड नव्हे. लांबट, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा पिडेरस भुंगेरा असावा. त्याच्या हिमोलिंफमध्येच पेडेरिन नावाचं विष असतं. तो चावत नाही, डंख मारत नाही. आपण त्याला चिरडतो आणि त्याचं रक्त स्वतःच्या कातडीला चोळतो. अंगावर दिसला तर फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन उडवा. चिरडलाच गेला तर लगेच साबणाने धुवा, तो हात डोळ्यांना लावू नका, आणि फोड वाढले तर डॉक्टरकडे जा.

रक्तच नाही असा प्राणी असतो?

पुष्कळ. जेलीफिश, स्पंज, चपटे कृमी. अंग इतकं पातळ की प्रत्येक पेशी पाण्यापासून हाकेच्या अंतरावर असते. तारामासा समुद्राचं पाणीच नळ्यांत खेळवून पाय हलवतो.

लसी तपासायला खेकड्याचं निळं रक्त वापरतात, ते आपले खेकडे का?

नाही, आणि तो प्राणी खेकडाही नाही. नालखेकडा, घोड्याच्या नालेसारखा दिसणारा, कोळी-विंचवांना जवळचा. भारतात तो ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आढळतो. त्याच्या रक्तातल्या पेशी जिवाणूंच्या विषाचा अंश लागला तरी लगेच गुठळी करतात. अमेरिकेत फ्रेडरिक बँग यांनी हे १९५६ साली मांडलं आणि त्यावरून इंजेक्शनं, सलाइन, लसी निर्दोष आहेत का हे तपासायची पद्धत निघाली. त्याआधी सशांना टोचून ताप येतो का ते बघत. यासाठी अमेरिकेच्या किनाऱ्यावर जिवंत प्राणी पकडून रक्त काढून परत सोडतात, त्यांतले काही मरतात. प्रयोगशाळेत बनवलेला पर्याय आता उपलब्ध आहे. तो सगळीकडे लवकर रुळावा असं मला वाटतं.

मुलाच्या प्रोजेक्टसाठी धडधडणारं हृदय प्रत्यक्ष दाखवायचं आहे. काही कापायचं नाही.

कापायची गरज नाही, पारदर्शक जीव शोधा. विल्यम हार्वी यांनी रक्ताभिसरणाचा सिद्धान्त १६२८ मध्ये मांडला, तेव्हा त्यांनीही पारदर्शक कोळंबीचं हृदय बाहेरूनच, खिडकीतून डोकावावं तसं पाहिलं होतं.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर तळ्याच्या पाण्यातला डॅफ्निया नावाचा बारीक जीव उत्तम, त्याचं हृदय पाठीशी भराभर फडफडताना दिसतं. कमी प्राणवायूच्या पाण्यात ठेवलेला डॅफ्निया काही दिवसांत लालसर होतो, कारण तो हिमोग्लोबिन वाढवतो. डॅफ्निया नाही मिळाला तर कुंडीखालच्या बशीतली डासाची अळी घ्या. काचपट्टीवर एका थेंबात ठेवून पाठीच्या मधोमध बघा. एक बारीक नळी मागून पुढे लाटेसारखी आवळत जाते. थोडा वेळ नजर स्थिर ठेवावी लागते, मग ती एकदम दिसते आणि मग दिसतच राहते.

पाहून झालं की ते पाणी गटारात किंवा कुंडीत ओतू नका. उन्हात तापलेल्या कोरड्या फरशीवर पसरून टाका, आणि बशी घासून उलटी ठेवा.